सात वर्षांच्या पोरीचं कसलं आलंय कर्म?

पत्र: ताई, मी ऐरोलीला राहते. माझी मुलगी सात वर्षांची आहे. मे महिन्यात तिला टाइप वन डायबिटीस निघाला, चार दिवस आयसीयूत होती, आता रोज इन्सुलिन. सासूबाई वाईट नाहीत, पण येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की गेल्या जन्मीचे भोग आहेत लेकराचे. सोसायटीतल्या काकूंनी एक गुरुजी आणले, त्यांनी पत्रिका बघून पितृदोष सांगितला, म्हणाले त्र्यंबकला नारायण नागबळी करा, इंजेक्शनं हळूहळू सुटतील. माझं लग्न बाबांच्या मनाविरुद्ध झालं, ते शेवटपर्यंत माझ्याशी नीट बोलले नाहीत आणि तीन वर्षांपूर्वी गेले. आता रात्री झोप लागत नाही, वाटतं माझंच कर्म पोरीने भरलं. नवरा म्हणतो कर्म-बिर्म सगळं थोतांड आहे, पण मी श्रद्धाळू आहे, मला असं झटकून टाकता येत नाही. आपल्या धर्मात कर्माबद्दल खरंच काय म्हटलंय? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल. ता. क. गणपतीत तिला मोदक द्यायचा की नाही यावरून पण घरात भांडण आहे. - एक आई, ऐरोली

उत्तर:

अगं, कर्माचं बोलूच, मला त्यावर बरंच बोलायचंय, पण आधी ते इंजेक्शनं सुटतील वालं वाक्य, कारण त्या एका वाक्याने मला खरंच टेन्शन आलं. टाइप वन मध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. मोठ्या माणसांना होतो तो शुगरचा आजार वेगळा, हा वेगळा. पोरीने चॉकलेटं जास्त खाल्ली म्हणून हा होत नाही, तू गरोदरपणात काही खाल्लंस किंवा नाही खाल्लंस म्हणूनही नाही. आणि इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांत पोरगी परत आयसीयूत जाईल, तिथून परत येईलच याची कोणी गॅरंटी देणार नाही. तेव्हा गुरुजी काय, मी काय, व्हॉट्सअ‍ॅपवरचा आयुर्वेद काय, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक युनिट पण कमी करायचं नाही.

आणि एक गंमत सांगते, गंमत म्हणजे सापळाच आहे तो. इन्सुलिन सुरू केल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी बऱ्याच मुलांचा डोस आपोआप कमी होतो. उरल्यासुरल्या पेशी थोडा काळ परत काम करायला लागतात, डॉक्टर त्याला हनिमून फेज म्हणतात. ती तात्पुरती असते, नंतर डोस परत वाढतो. आता मे महिन्यात आजार निघालेल्या घराने पावसाळ्यात विधी केला आणि त्याच सुमारास डोस उतरला तर क्रेडिट कोणाला जाईल? गुरुजींना. मग कोणीतरी म्हणणार की बघा, आता इन्सुलिन पूर्णच बंद करून बघू. म्हणून हे आत्ताच डोक्यात ठेव, घरात सगळ्यांना सांगून ठेव, नवऱ्याला तर आधी.

विधी करायचा की नाही यावर माझं मत विचारशील तर, बाबांसाठी काही करावंसं वाटत असेल तर घरच्या घरी साधं तर्पण कर, त्यांच्या तिथीला कोणाला जेवू घाल. पण पोरीच्या आजाराच्या भीतीपोटी, कर्ज काढून, कोणीतरी घाबरवलं म्हणून नको. ज्याला फी मिळणार आहे त्यानेच निदान करायचं आणि त्यानेच औषध सांगायचं, यात मला पहिल्यापासून गडबड वाटते.

आता कर्म. तू विचारलंयस की धर्मात काय म्हटलंय, तर पहिली गोष्ट, एकच एक असं काही म्हटलेलं नाहीये. आपल्याकडे लोक कर्म म्हणजे पाम बीच रोडवरचा कॅमेरा समजतात, गाडी स्पीडने नेली की फोनवर चलान, इतका गुन्हा इतका दंड, आणि दंड आलाय म्हणजे गुन्हा केलाच असणार. रिल्समधलं ते "कर्मा" पण असंच, फक्त दुसऱ्यावर सूड उगवायला वापरतात. आपल्या ग्रंथांत मात्र या विषयावर दोन-अडीच हजार वर्षं वाद चाललाय आणि तो अजून मिटलेला नाही. बृहदारण्यक उपनिषदात आर्तभाग याज्ञवल्क्याला विचारतो की माणूस मेला, त्याची वाणी अग्नीत गेली, प्राण वाऱ्यात गेला, मग तो माणूस राहतो कुठे? याज्ञवल्क्य भर सभेत उत्तरच देत नाही, म्हणतो हात दे, हे चारचौघांत बोलायचं नाही, आणि दोघं बाजूला जाऊन बोलतात, ते बोलले ते कर्माबद्दलच. मला ही जागा फार आवडते. एवढा मोठा ज्ञानी माणूस जे चारचौघांत बोलायला तयार नव्हता ते आपल्या सोसायटीतल्या काकू लिफ्टमध्ये बोलतात.

पुढे मग प्रत्येक विचारपंथाने आपापलं मांडलं. मीमांसावाले म्हणाले कर्माचं फळ द्यायला देव लागत नाही, न्यायवाले म्हणाले देवाशिवाय फळ देणार कोण, वेदान्तवाल्यांनी संचित, प्रारब्ध, क्रियमाण असे भाग सांगितले. तुला त्या खोलात जायची गरज नाही. एवढंच लक्षात ठेव की साठलेलं ते संचित, त्यातलं सुरू झालेलं ते प्रारब्ध, म्हणजे धनुष्यातून सुटलेला बाण, आणि आत्ता जे करतेयस ते क्रियमाण. सुटलेला बाण परत बोलावता येत नाही हे खरं, पण तुझ्या हातात जे आहे ते आत्ताचं आहे, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

तुझा खरा प्रश्न मात्र वेगळा आहे, माझं कर्म पोरीने भरलं का. याला शास्त्रात एक शब्दच आहे, अकृताभ्यागम. न केलेल्या कर्माचं फळ गळ्यात येणं. आणि हा दोष मानलाय गं! कर्माचा विचार मांडणाऱ्यांची अटच ती होती की केलेलं वाया जाता कामा नये आणि न केलेलं भोगावं लागता कामा नये. तू केलंस आणि पोरीने भोगलं असं झालं तर मग कर्मसिद्धांत उरतच नाही. सासूबाईंना वाल्या कोळ्याची गोष्ट माहीत असेलच, लहानपणी सगळ्यांनी ऐकलीय, पोरीला पण सांगितली असेल त्यांनीच. वाल्या घरी जाऊन बायकोला मुलांना विचारतो, माझ्या पापात वाटेकरी होणार का, आणि सगळे नाही म्हणतात. ती गोष्ट उभीच त्या नाही वर आहे. मग इथे सात वर्षांची पोर आईच्या पापात वाटेकरी कशी झाली ते मला सांगा म्हणावं.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर उद्या कोणीतरी श्लोक काढून तुझ्या तोंडावर टाकेल. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात एक श्लोक आहे की अधर्माचं फळ करणाऱ्याला नाही मिळालं तर मुलांना मिळतं, मुलांना नाही तर नातवंडांना. आहे, नाही कशाला म्हणू. पण त्याच अध्यायात पुढे दुसरा श्लोक आहे की माणूस एकटाच जन्मतो, एकटाच मरतो, पुण्याचं फळ एकटा भोगतो आणि पापाचंही एकटाच. एकाच पुस्तकात, एकाच अध्यायात, दोन्ही. तेव्हा "शास्त्रात लिहिलंय" म्हणून कोणी अंगावर आलं तर विचारायचं, कुठलं शास्त्र, आणि त्याच्या पुढचं पान वाचलंय का.

आणि बाबांच्या मनाविरुद्ध लग्न हे पाप असं कोणी ठरवलं? वटपौर्णिमेला सासूबाई ज्या बाईच्या नावाने वडाला दोरा गुंडाळतात तिनेच बापाचं ऐकलं नव्हतं की. नारद सांगतो हा मुलगा वर्षभरात मरणार, अश्वपती राजा म्हणतो सावित्री, जा, दुसरा कोणी बघ, आणि ती म्हणते नाही, एकदा वरला तो वरला. शेवटी बापच तयार झाला. तुझे बाबा तयार नाही झाले, ते दुःख आहे, खूप मोठं आहे, आणि माझा अंदाज आहे की रात्री तुला जे जागं ठेवतं ते हेच आहे, डायबिटीस नंतर आलाय. बाबा अबोला धरून गेले आणि तुला बोलायचं राहून गेलं. ते राहिलेलं बोलणं कुठेतरी जाऊन चिकटणार होतंच, ते पोरीच्या आजाराला चिकटलं. याला मी कर्म म्हणणार नाही, हा शोक आहे, आणि त्याला वाट करून द्यायला पाहिजे. समज तुला खरंच वाटतंय की तू काही चुकलीस, कठोर बोललीस, फोन करायचा राहिला, तर पापातून सुटायचे जे उपाय मनूने सांगितलेत त्यात कबूल करणं आणि पश्चात्ताप होणं हे दोन आधी येतात, तप, अध्ययन नंतर. तुझा पश्चात्ताप तर झालाच आहे, अख्ख्या पत्रात आहे. कबूल करायला माणूस हवा. तुझ्या आईबद्दल पत्रात एक शब्द नाही, आई आहे का? असेल तर तिच्याकडे जाऊन बस आणि बाबांबद्दल बोल, रड, भांड. नवऱ्याला सांगितलंस तरी चालेल, पण तो थोतांड म्हणायच्या मूडमध्ये नसेल तेव्हा. आणि झोप लागतच नसेल तर डॉक्टरांना सांग, मुलांच्या डायबिटीसमध्ये आईबापांची अशी हालत होते हे त्यांना माहीत असतं, समुपदेशकाकडे पाठवतील, त्यात लाजायचं काही नाही.

बरं, तू म्हणशील माझं सोड, पोरीचं स्वतःचंच गेल्या जन्मीचं असेल तर? सासूबाई तेच म्हणतायत. यावर महाभारतातल्या दोन गोष्टी सांगते, दोन्ही लहान मुलांच्याच आहेत.

पहिली मांडव्य ऋषींची, आदिपर्वात आहे. चोर त्याच्या आश्रमात चोरीचा माल लपवतात, ऋषी मौनात असतो, शिपाई त्यालाही चोर समजून धरतात आणि राजा त्याला सुळावर चढवतो. तो मरत नाही, सुळावर तसाच राहतो. पुढे तो सरळ धर्मराजाकडे, म्हणजे हिशोब ठेवणाऱ्याकडेच जातो आणि विचारतो की मी असं काय केलं होतं? धर्म म्हणतो, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताच्या काड्या खुपसल्या होत्यास, त्याचं हे फळ. आता यावर भाविक माणसाने काय म्हणायला पाहिजे, बरं बाबा, माझे भोग. मांडव्य तसं म्हणत नाही! तो भडकतो. म्हणतो एवढ्याशा अपराधाला एवढी मोठी शिक्षा, तीही लहान असताना केलेल्या गोष्टीची? आणि धर्मालाच शाप देतो की तू माणसाच्या पोटी जन्म घेशील, तोच विदुर. वर नियम घालून देतो की आजपासून चौदा वर्षांपर्यंत मुलाने काही केलं तर ते पाप धरायचं नाही.

समजतंय ना मी काय म्हणतेय? कर्माचा हिशोब बाहेरच्या कोणी चुकीचा म्हटला असं नाहीये, आपल्याच महाभारतात ऋषी जाऊन हिशोबनिसाला विचारतो की हे काय लावलंय, आणि गोष्ट ऋषीच्या बाजूने आहे, शाप खरा होतो. कोणी म्हणेल तो नियम या जन्मातल्या बालपणापुरता आहे, गेल्या जन्माचं काय. ठीक आहे, वकिली मुद्दा बरोबर आहे. पण माझ्या डोक्यात त्या गोष्टीचा राग राहतो, तो राग धर्माच्या आतलाच आहे, म्हणून तुला आलेला राग पण धर्माविरुद्ध नाही. तू श्रद्धाळू राहून चिडू शकतेस.

दुसरी गोष्ट अनुशासनपर्वाच्या सुरुवातीची, ही जरा कठीण आहे. गौतमी नावाची म्हातारी, तिचा मुलगा साप चावून मेला. अर्जुनक नावाचा पारधी सापाला दोरीने बांधून घेऊन येतो, म्हणतो सांग बाई, याला आगीत टाकू की तुकडे करू? ती म्हणते सोड त्याला, याला मारून माझा मुलगा परत येणार आहे का? पारधी ऐकत नाही, वाद घालतो, खूप वेळ घालतो. साप म्हणतो मी कुठे आपणहून चावलो, मृत्यूने पाठवलं. मृत्यू येऊन म्हणतो मी पण काळाच्या ताब्यात. मग काळ येतो आणि म्हणतो आम्ही कोणीच नाही, मुलाचं कर्म. झालं, इथे सासूबाई म्हणतील बघ, महाभारतात पण तेच आहे. हो, आहे, मी लपवत नाही. पण नीट बघ, गौतमीने साप सोड हे कधी म्हटलं? काळ येऊन कर्माचं सांगायच्या कितीतरी आधी. मुलाचं कर्म म्हणून साप सोडला असं नाही, तिला आधीच कोणाला मारायचं नव्हतं. आणि शेवटी ती म्हणते की मुलाचं तसं कर्म, माझंही काही कर्म असेल म्हणून पोर गेलं, सोड आता त्याला, आणि पारधी दोरी सोडतो. हे ती स्वतः स्वतःबद्दल म्हणते. शेजारीण येऊन तिला म्हणाली असती की बाई तुझंच काहीतरी असणार, तर ती गोष्ट गोष्ट राहिली नसती, नुसता दुष्टपणा झाला असता. आणि भीष्म ही गोष्ट कोणाला सांगतोय? युधिष्ठिराला, जो युद्धानंतर स्वतःला खात बसलाय की हे सगळं माझ्यामुळे झालं. म्हणजे तुझ्यासारख्याच माणसाला, त्याच्या मनावरचं ओझं उतरवायला. आपल्याकडे तीच गोष्ट ओझं चढवायला वापरतात.

सासूबाईंचं पण मला जरा समजतं. त्यांच्या पिढीतल्या बायकांनी काय काय सोसलंय, आणि "भोग आहेत" म्हटलं की पुढचा दिवस काढता यायचा, दुसरं होतं काय त्यांच्याकडे. स्वतःच्या दुःखाला माणूस भोग म्हणतो तेव्हा त्याला बळ येतं, त्याला मी कधी हसणार नाही. पण तेच वाक्य दुसऱ्याच्या दुःखाला लावलं की ते जखमेवरचं मीठ, आणि इथे तर ते ऐकणारी पोर सात वर्षांची आहे. ती ऐकतेय गं. तिला दुसरीतलं मराठी येतं, "माझे भोग" म्हणजे माझीच काहीतरी चूक एवढं तिला नक्की कळतं. म्हणून तिला आजच सांग, सरळ शब्दांत, की तू काही वाईट केलं नाहीस, तुझ्या अंगातले पहारेकरी गोंधळले आणि त्यांनी चुकीच्या पेशींना मारलं, बस. परत परत सांगावं लागेल.

सासूबाईंशी वाद घालून उपयोग नाही, वर दिलेले श्लोक त्यांना ऐकवू नकोस, घरात महाभारत होईल. त्यांना काम दे. ग्लुकोमीटर कसं वापरायचं ते शिकव, दुपारची शुगर आजी बघणार, वहीत आजी लिहिणार. शुगर उतरली तर घाम येतो, हात थरथरतात, पोर चिडचिडी होते, तेव्हा लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यायचं, हे त्यांना पाठ करून दे. आकडा हातात आला की माणूस भोगाबद्दल कमी बोलतो असं माझं निरीक्षण आहे. आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर बोलल्या तर नवऱ्याने बोलावं, तू नाही, त्याच्या आई आहेत, एवढंच म्हणावं की आई, पोरीसमोर हा विषय नको. शांतपणे, पण दर वेळी.

नवरा थोतांड म्हणतो त्यावर एक सांगते. तो पूर्ण चुकीचा नाहीये आणि त्याच्या म्हणण्यामागे मोठी परंपरा आहे. छांदोग्य उपनिषदात एक वाक्य आहे की चांगलं वागणारे ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य म्हणून जन्मतात आणि वाईट वागणारे कुत्रा, डुक्कर, चांडाळ म्हणून. या एका विचाराच्या जोरावर आपल्या समाजाने शतकानुशतकं माणसांना सांगितलं की तुमची हालत हे तुमचंच गेल्या जन्मीचं, आमचा काही दोष नाही. बाबासाहेबांनी त्यांच्या शेवटच्या ग्रंथात, जो ते गेल्यावर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, हेच बोट ठेवलंय की गेल्या जन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत गरिबांच्या, खालच्या समजल्या गेलेल्यांच्या हालतीची जबाबदारी समाजाने आणि राज्याने झटकावी यासाठीच आहे. मी स्वतः देवाधर्माची आहे, ठाण्यात कौपिनेश्वराच्या देवळात जाते, पण या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि उत्तर शोधायची मला इच्छा पण नाही, कारण तो मुद्दा बरोबर आहे.

आणि समज कोणी अगदीच हट्टाला पेटलं तर एकच प्रश्न विचार. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं जानेवारी १९२२ मध्ये, कॅनडात टोरोंटोला, लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला. त्याच्या आधी हा आजार झालेली पोरं बहुतेक एक-दोन वर्षांत जायची, उपाशी ठेवून त्यांचं आयुष्य थोडं लांबवायचे एवढंच. मग १९२१ पर्यंतच्या सगळ्या पोरांचं पाप जास्त होतं आणि १९२२ नंतरच्यांचं अचानक कमी झालं का?

गीतेतलं कर्मण्येवाधिकारस्ते सगळ्यांना येतं, कारण ते टी-शर्टवर पण असतं. मला तुझ्यासाठी अठराव्या अध्यायातला श्लोक जास्त कामाचा वाटतो. कुठलंही काम घडायला पाच कारणं सांगितलीत, अधिष्ठान म्हणजे शरीर, करणारा, साधनं, वेगवेगळे प्रयत्न, आणि पाचवं दैव. पाचवं! आधीची चार आहेत ना, शरीर डॉक्टर बघतायत, साधनं म्हणजे तुझं ते इन्सुलिनचं पेन, ग्लुकोमीटर, प्रयत्न तुम्ही सगळे करताय. आपल्या लोकांना पाचव्यावरून सुरुवात करायची सवय आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिलं, त्यात कर्मविपाकावर वेगळं प्रकरण आहे, आणि त्याच्या नावातच त्यांनी आत्मस्वातंत्र्य जोडलंय, म्हणजे कर्माची साखळी मान्य करून माणूस मोकळा किती हा त्यांचा प्रश्न. हे लिहिणाऱ्या माणसाला स्वतःला मधुमेह होता, तोही इन्सुलिनच्या आधीच्या काळात, आणि ते काही भोग म्हणून बसून नाही राहिले, पथ्य सांभाळत, पेन्सिलीने लिहीत राहिले.

योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलीचं एक छोटंसं सूत्र आहे, हेयं दुःखमनागतम्. जे दुःख अजून आलेलं नाही ते टाळायचं. कर्मामुळे जन्म, आयुष्य, भोग कसे ठरतात ते सांगून झाल्यावर लगेच दोन सूत्रांनी हे येतं. आलेल्या दुःखाचा पंचनामा करत बसा असं तो म्हणत नाही. तुझ्या बाबतीत अनागत म्हणजे काय, तर रात्री शुगर उतरणं, शाळेत कोणाला माहीत नसणं, बाराव्या वर्षी पोरीने लाजून इंजेक्शन लपवणं. ते टाळता येतं. शाळेत क्लास टीचरना लेखी दे, दप्तरात ग्लुकोज ठेव, शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला पण माहीत असू दे. आणि ठाणे-नवी मुंबईत टाइप वनच्या मुलांचे बरेच पालक आहेत, तुझ्या डॉक्टरांनाच विचार, ते एखाद्या आईशी गाठ घालून देतील. तिच्याशी दहा मिनिटं बोललीस तरी माझ्या या लांबलचक उत्तरापेक्षा जास्त फायदा होईल.

आता मोदक. दे की. टाइप वनच्या मुलांना गोड कायमचं बंद नसतं, खाल्लेलं मोजून त्याप्रमाणे इन्सुलिन द्यायचं असतं, आता गणपतीच्या आधी जी व्हिजिट असेल तेव्हा डॉक्टरांना विचारून ठेव की एका उकडीच्या मोदकाला किती धरायचं, जेवणातला भात तेवढा कमी करायचा का. काकू म्हणतील गुळाचा आहे, चालतो, तर ते खरं नाही, गुळाने पण शुगर वाढतेच आणि वरची पारी तांदळाची असते, ती पण मोजायची. आणि इन्सुलिन आधी देऊन ठेवायचं आणि मग आरत्या चालू, सुखकर्ता, लवथवती, दशावतार, कोणीतरी पाहुणे येतात म्हणून अजून दोन, असं करू नका, तेवढ्यात तिची शुगर उतरेल. तिचं ताट आधी वाढा, मंत्रपुष्पांजलीला थांबू नका.